बगळा किती पावलांवर उडतो

आलापल्लीच्या पुढे, एटापल्लीच्या रस्त्यावर, सागवानाच्या एका डेपोला लागून जंगल खात्याची लहानशी कचेरी होती. तिथे मी रुजू झालो त्या पहिल्याच सकाळी एक माणूस काळी छत्री उघडून, ती ढालीसारखी तोंडासमोर धरून थेट माझ्या अंगावर चालत आला. पाऊस नव्हता, ऊनही फारसं नव्हतं. छत्रीच्या कापडाला रुपयाएवढं भोक होतं आणि त्या भोकातून एक डोळा माझ्याकडे बघत होता. मी घाबरून मागे सरलो. त्याबरोबर त्याने हातातला एक पांढरा खडा जमिनीवर टाकला, छत्री मिटली आणि खड्यापासून माझ्या चपलांपर्यंत पावलं मोजत आला.

"सहा," तो म्हणाला. "नवीन माणूस सहावर सरकते. बसा जी भाऊ, चहा घ्या."

हा आमचा ट्रेसर. जंगलाचे नकाशे मेणकापडावर शाईने उतरवायचे, एवढं त्याचं काम. ब्रह्मपुरीकडचा, सातवी पास, चाळिशीला आलेला, अंगाने काटकुळा. मी नागपूरहून गणित घेऊन बी.एस्सी. झालेला, चोवीस वर्षांचा, आणि लाकडाचे घनफूट काढायला नेमलेला. पहिल्यांदाच सांगून टाकतो: या माणसाचा मी हेवा केला. थोडाथोडका नाही, चार वर्षं, रोज. तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी उसळलो असतो, की कोण कुठला सातवी पास, त्याचा मी हेवा करणार? आता वय झालं, आता लाज कशाची.

त्याच्या छत्र्या तीन. एक लहान मुलीची, एक नेहमीची आणि एक बाजारात बसणाऱ्या बांगडीवाल्याकडून घेतलेली भली मोठी. तिन्हींना त्याने स्वतःच्या हाताने काळं कापड शिवलं होतं. सदऱ्याचे खिसे चुन्यात बुडवलेल्या खड्यांनी भरलेले, त्यामुळे सगळे सदरे कमरेपाशी पांढरे. पावलं मोजत असला की तो कोणाशी बोलत नसे. एकदा खुद्द रेंजर साहेबांनी रस्त्यात हाक मारली तर हा "सतरा, अठरा" करत त्यांच्या बाजूने निघून गेला. आसपासच्या गावांतल्या लोकांना वाटायचं की हा माणूस जप करतो. बाया रस्ता सोडून उभ्या राहायच्या आणि हात जोडायच्या. तोही मोजत मोजतच मान लववून पुढे जायचा.

मोजायचा काय, तर जनावर कधी पळतं ते. चितळ, वानर, कोंबडी, साहेबांचं कुत्रं, कोणी सुटलं नाही. सगळ्यांत जास्त बगळे, कारण धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांत, ते कधीही सापडायचे. छत्रीआड लपून बगळ्याकडे चालायचं, बगळा उडाला की तिथेच खडा टाकायचा, आणि खड्यापासून बगळा होता त्या जागेपर्यंत पावलं मोजून वहीत लिहायची. मोठी छत्री घेऊन गेलं की बगळा लांबूनच उडायचा, लहान छत्रीला जवळ येऊ द्यायचा. हे तर शेंबड्या पोरालाही सुचेल, असं मी म्हणालो.

"सुचन ना जी," तो म्हणाला. "पण त्याले समजते कसं, का आता उडाव? त्याच्यापाशी काय टेप आहे?"

या प्रश्नाने माझं डोकं धरलं. मी गणिताचा माणूस, मी त्याला कोन शिकवला. छत्रीच्या दोन कडांपासून बगळ्याच्या डोळ्यापर्यंत दोन रेघा काढा, त्यांच्यामधला कोन ठरावीक झाला की बगळा उडतो, बस्स. तो इतका खूश झाला की त्याने माझ्या पाटीवरची आकृती मेणकापडावर उतरवून भिंतीला लावली आणि तिच्याखाली माझं नाव लिहिलं. मी महिनाभर छाती काढून फिरलो. अहो, त्या जंगलात माझं गणित दुसऱ्या कोणाला दाखवणार होतो मी?

महिन्याने तो परत आला. ढोपरं फुटलेली, सदऱ्याला चिखल. मोठी छत्री एका हाताने समोर धरून सायकल दामटली होती आणि धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, खाली बांधीत कोसळला होता.

"भाऊ, तुमचा कोन काही बरोबर नाई दिसून राह्यला. पायी गेलो तं बगळा पंचवीसच्या आसपास उडते. तेच छत्री घेऊन चौपट जोरात सायकल नेली, तं पन्नासवर उडते. छत्री तेच, बगळा तोच. मंग कोन काऊन बदलला?"

मी म्हणालो, "तुमची मोजणी चुकली." त्याने ते खरं मानलं. मी म्हटलं म्हणून दोन महिने तो रोज सकाळी सायकलवरून पडत राहिला. आकडे तेच आले. आणि त्याने येऊन माझी माफी मागितली, की भाऊ, लय प्रयत्न केला, पण चूक काही सापडून नाई राह्यली. त्या माफीने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याच सुमारास शेजारच्या पाड्यावरचा एक माडिया आदिवासी म्हातारा आमची ही गंमत बघायला धुऱ्यावर बसायचा. डोक्यावर जळणाची मोळी असायची, ती उतरवून बसायचा आणि ट्रेसर छत्री घेऊन निघाला की मनापासून हसायचा. एक दिवस तो उठला, मोळी डोक्यावर घेतली आणि बगळ्यांच्या समोरून, जेमतेम दहा पावलांवरून, आडवा चालत पलीकडे गेला. त्या मोळीचा आकार आमच्या मोठ्या छत्रीपेक्षा कमी नव्हता. एकही बगळा उडाला नाही.

"कसं काय हो बाबा?" ट्रेसरने ओरडून विचारलं.

"तू त्याच्याकडे जातो," म्हातारा म्हणाला. "मी माझ्या घरी जातो."

मीही हे ऐकलं होतं. शेजारीच उभा होतो. ऐकून हसलो आणि कचेरीत निघून गेलो. ट्रेसर तिथेच उकिडवा बसला आणि त्याने ते वाक्य वहीत लिहून घेतलं. दोन कान मला होते, दोन त्याला होते. हे आठवलं की आजही माझ्या पोटात दुखतं.

पुढच्या शनिवारी दुपारी त्याने माझ्या टेबलावर मेणकापडाचे दोन तुकडे ठेवले. बगळ्याच्या डोळ्याला छत्री केवढी दिसेल ते त्याने कंपासने वर्तुळं काढून दाखवलं होतं, दर सेकंदाला एक वर्तुळ. एक तुकडा पायी चालण्याचा, एक सायकलचा. छत्री दूर असताना वर्तुळं एकात एक अगदी चिकटून होती, जवळ येताना मधली जागा रुंदावत गेली होती. त्याने पायी चालण्यातलं पंचवीस पावलांवरचं वर्तुळ दाखवलं आणि त्यानंतरचं. मग सायकलचं पन्नासवरचं आणि त्यानंतरचं. वर्तुळं लहानमोठी होती, पण दोन्हीकडे मधली जागा तंतोतंत सारखी.

"बगळा छत्री केवढी आहे ते पाहतच नाई, भाऊ," तो म्हणाला. "किती मोठं आहे ते नाई, किती मोठं होऊन राह्यलं ते पाहते. म्हातारा आडवा गेला, मोळी वाढलीच नाई. मंग काऊन उडन?"

मी पेन्सिल घेतली आणि दोन ओळींत समीकरण मांडलं. वेग चौपट केला तर उडण्याचं अंतर दुप्पट, वर्गमूळ सरळ बाहेर पडत होतं. दोन ओळी! ज्याला पदवीच्या दुसऱ्या वर्षाचं गणित येतं त्याला पाच मिनिटांचं काम. आणि ते मला दोन महिने दिसलं नव्हतं. त्याने ती दोन ओळींची जागा वहीच्या शेवटच्या पानावर मोकळी ठेवली आणि म्हणाला, "तुमच्याच हातानं लिहा जी." मी लिहिलं. वर म्हणालो, "मला हे आधीच माहीत होतं." त्यावर त्याने मान डोलावली आणि चहा सांगितला.

तुम्हाला वाटेल, हेवा मोठ्या माणसाचा वाटतो. छे. रेंजर साहेब माझ्यापेक्षा केवढे मोठे होते, बंगला होता, जीप होती, त्यांच्याबद्दल मला काही वाटलं नाही. ते होते तेवढेच राहिले. ट्रेसर मात्र माझ्या डोळ्यांदेखत दर महिन्याला वाढत होता. एका रविवारी मी गुपचूप त्याची नेहमीची छत्री उचलली आणि पलीकडच्या बांध्यांवर गेलो. म्हटलं, आपणही काहीतरी शोधू. बगळा उडाला, मी खडा टाकला, आणि मग लक्षात आलं की मी पूर्ण वेळ मागे वळून बघत होतो, कचेरीतलं कोणी आपल्याला पाहत तर नाही ना म्हणून. बगळा उडताना मी पाहिलाच नव्हता. छत्री आणून जागेवर ठेवली.

रेंजर साहेबांच्या कानावर हे सगळं गेलं. त्यांच्या ओळखीचे एक प्राध्यापक नागपूरला एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. त्यांना पक्ष्यांची चित्रं काढायला आणि नोंदी घ्यायला एक माणूस हवा होता. साहेब ट्रेसरला म्हणाले, "तुझं काम लिहून पाठव. त्यांना पटलं तर नेतील तुला." मी तिथेच घनफूट काढत बसलो होतो. नागपूर! एम.एस्सी. करायची म्हणून तडफडत होतो मी, घरच्या अडचणींनी या रानात येऊन पडलो होतो, आणि नागपूर चाललं कोणाकडे? ट्रेसर तर वही आणायला धावलाच. त्याने आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं. त्याला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्याने आपली वही दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवली.

"भाऊ, तुम्हीच लिहा. माहं सारं यात आहे."

आता आमची एक रीत सांगतो. सागाचं लाकूड किती निघेल ते काढायला प्रत्येक झाड कोण मोजत बसणार? म्हणून शे-दोनशे पाडलेली झाडं मोजायची, घेर आणि घनफूट चौकटीच्या कागदावर ठिपक्यांनी मांडायचे, ठिपक्यांमधून हाताने एक सुबक वळण काढायचं, आणि मग मोजलेले आकडे बाजूला ठेवून त्या वळणावरचे आकडे तक्त्यात भरायचे. एखादं झाड वाकडं असतं, एखादं पोकळ असतं. वळणावर आणलं की सगळी सरळ. चार वर्षं मी हेच करत होतो आणि माझी वळणं शाईने उतरवायचा तो ट्रेसरच.

त्याच्या वहीतले बगळे मी असेच सरळ केले. माझ्या दोन ओळींच्या समीकरणाचं वळण काढलं आणि त्यावरून सगळे आकडे नव्याने भरले. पत्र इंग्रजीत झकास लिहिलं. तक्ता पक्का करायला त्याच्याकडे दिला. अर्ध्या तासाने तो टाक हातात घेऊन माझ्यासमोर उभा.

"भाऊ, हे माहे आकडे नाईत."

"तुमचेच आहेत. नीट केलेत."

"नाल्यापासचा हा बगळा एकेचाळीसवर उडला होता. इथी छत्तीस आहे."

"तो वळणाच्या बाहेर जात होता."

"जात होता ना जी. म्हणून तं लिहून ठेवला."

"सागाचं आपण असंच करतो की नाही?"

"सागाचं ठीक आहे जी," तो म्हणाला. "झाड काही पळत नाई."

मी खुर्ची मागे सारली. "बी.एस्सी. कोण आहे, तुम्ही का मी? शास्त्राचे कागद असेच पाठवतात. तुम्हाला जायचंय ना नागपूरला?" तो जागेवर गेला आणि त्याने माझे आकडे आपल्या सुंदर अक्षरात उतरवले. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला समजावलं की ती कचेरीची रीत होती. रीत होतीच. पण आकडे भरताना मला एवढं पक्कं कळत होतं की या वहीतली जान मी काढून टाकतो आहे. त्याचा नेमका काय तोटा होईल ते माहीत नव्हतं. होईल एवढं माहीत होतं, आणि तरी हात थांबला नाही. वही मी परत दिली नाही, माझ्या खणात कुलूप लावून ठेवली.

उत्तर आलं नाही. थंडीत प्राध्यापक स्वतःच आले. डाक बंगल्याच्या ओट्यावर सकाळच्या उन्हात बसले होते, शेजारी रेंजर साहेब. ट्रेसरला आणि मला बोलावणं आलं. ट्रेसर धुतलेला सदरा घालून आला होता, खिशात एकही खडा नव्हता. प्राध्यापकांनी तक्ता टेबलावर टाकला.

"हे कोणी मोजलं?"

"मी जी."

"खोटं आहे हे," ते शांतपणे म्हणाले. "इतके पक्षी, आणि एकही पक्षी एक पाऊल इकडे नाही की तिकडे नाही? जिवंत जनावर असं वागतं का? घरी बसून सूत्र लिहिलं आणि सूत्रावरून आकडे पाडले. मी रेंजर साहेबांचा मान ठेवून आलो, नाहीतर असल्या कागदाला मी उत्तरही देत नाही."

रेंजर साहेबांचा चेहरा लाल झाला. ट्रेसर तक्त्यावर वाकला. मग तो म्हणाला, "हे वळणावरचे आहेत जी. मोजलेले वहीत आहेत."

"वही कुठे आहे?"

"भाऊपाशी."

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. ओट्यावरून आमची कचेरी दिसत होती. माझं टेबल खिडकीशीच होतं आणि खणाची किल्ली माझ्या खिशात होती. वही आणली असती तर पाच मिनिटांत सगळं उघड झालं असतं, आकडे कोणी बदलले तेही. 

"माझ्याजवळ नाही," मी म्हणालो. "मी ती केव्हाच परत केली."

ट्रेसरने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. एखाद्या बगळ्याने भलतंच काही केलं की तो जसा नीट बघून घ्यायचा, तसं त्याने बघितलं.

"मंग माह्याच हातून हरपली असन," तो म्हणाला. प्राध्यापक उठायला लागले तसा तो पुढे झाला. "पण बगळे तं आहेत ना जी. ते कुठी हरपतात? चाला, आता मोजू. तुम्हीच मोजा."

प्राध्यापकांना काय वाटलं कोण जाणे, ते निघाले. आम्हीही मागोमाग. बांध्यांवर धान कापून झालं होतं, खालच्या ओलीत बगळे होते. ट्रेसरने मोठी छत्री उघडली आणि निघण्याआधी सांगितलं, "हा बावीस ते तीसच्या मधात उडन."

"नक्की आकडा सांगा की," प्राध्यापक म्हणाले. "तक्त्यात तर अगदी नक्की होता."

"नक्की कसं सांगू जी? त्याचं पोट भरलं का नाई, मले काय माहीत?"

प्राध्यापकांनी स्वतः पावलं मोजली. सत्तावीस. दुसरा चोवीसवर उडाला. तिसरा उडालाच नाही, छत्री अंगाशी आली तरी बेडकाच्या मागे लागला होता. ट्रेसर छत्रीच्या आडून ओरडला, "पाहा जी, हा असा एखादा निघतेच!" मग तो सायकल घेऊन आला, अंतर जवळजवळ दुप्पट भरलं, आणि चौथ्या खेपेला धुऱ्यावरून छत्रीसकट बांधीत गेला. प्राध्यापक बूट चिखलात घालून त्याला उचलायला धावले. मी धुऱ्यावर उभा होतो. दुपारपर्यंत ते दोघे चिखलाने माखून एकाच धुऱ्यावर बसून बोलत होते, आणि प्राध्यापक त्याला "अहो जाहो" करत होते.

परत येताना त्यांनी मला विचारलं, "सूत्र तुम्ही लिहिलं?"

"हो," मी म्हणालो. वाटलं, आता तरी.

"बरोबर आहे. पण असं सूत्र माझ्या वर्गातला कोणीही लिहील. पाहिलं यांनी आहे."

पंधरा दिवसांत ट्रेसरचं नागपूरचं पत्र आलं. तो निघाला त्या दिवशी मी वही सदऱ्याआड घेऊन बसपाशी गेलो. कपाटाच्या मागे सापडली, असं सांगायचं ठरवलं होतं. वाक्य दहादा घोकलं होतं. त्याच्याजवळ एक ट्रंक आणि दोरीने बांधलेल्या तीन छत्र्या होत्या. मी वही पुढे केली. त्याने ती घेतली, कुठे सापडली ते विचारलंच नाही. उभ्या उभ्या शेवटचं पान उघडलं आणि माझ्या दोन ओळींवरून बोट फिरवलं.

"भाऊ, एक सांगू का? तुम्हाले राग नाई येणार ना?"

"सांगा," मी म्हणालो.

"मी तं चार वर्षं मनातल्या मनात तुमच्यावर जळत होतो जी. मी एवढा हिंडलो, पडलो, ढोपरं फोडली, अन् तुम्ही बसल्या जागी दोन ओळीत सारं लिहून टाकलं. मले वाटे, देवा, मले काऊन नाई देलं हे? भल्ला हेवा वाटे." तो हसला. "चाला, सांगून टाकलं. आता बरं वाटून राह्यलं."

कंडक्टरने त्याला आत ढकललं आणि बस सुटली. मी रस्त्यात उभा राहिलो. माझंही सांगायचं तोंडाशी आलं होतं, खणाचं, किल्लीचं, छत्तीसचं, पण ते तसंच राहिलं. खोटं कशाला बोलू, मला आधी लाजही वाटली नाही. आधी हेवाच वाटला. ज्याने मला चार वर्षं आतून पोखरलं होतं ते या माणसाने बसच्या पायरीवर उभं राहून, हसत, सरळ सांगून टाकलं होतं. हेवासुद्धा त्याला माझ्यापेक्षा चांगला जमला.